साखरेचे कडे आणि त्यात बसणारे औषध



लागण, खत, पाणी, गाळप आणि उतारा हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय औषधाचा आहे, पण तो साखरेच्याच भावकीतला आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घराशी त्याचा संबंध नकळत येऊन गेलेला आहे.

२०२१ च्या एप्रिल महिन्यात करोनाची दुसरी लाट जोरात होती. रेमडेसिव्हिर या इंजेक्शनासाठी लोक गावोगाव वणवण फिरत होते. २० एप्रिल २०२१ रोजी केंद्र सरकारने या इंजेक्शनाशी संबंधित तीन वस्तूंवरचे आयात शुल्क माफ केले. पहिली वस्तू तयार इंजेक्शन, दुसरी त्यातले मूळ औषध. तिसरी वस्तू होती बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन. ही तिसरी वस्तू रोगावर काहीच काम करत नाही, पण तिच्यावाचून इंजेक्शनही तयार होत नाही. ही वस्तू आहे तरी काय, ती कशी घडवतात आणि तिच्यामुळे औषध हव्या त्या जागी कसे नेता येते, हे आम्ही इथे साध्या भाषेत सांगणार आहोत.

अडचण कुठे आहे?

फवारणी करणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको. काही औषधे पाण्यात साखरेसारखी विरघळतात. काही मात्र कितीही ढवळा, पंप जरा थांबला की तळाशी बसतात आणि नोझल तुंबते. तेलकट औषध पाण्यात मिसळावे म्हणून कंपनी त्यात दुसरा एक पदार्थ घालते आणि मग पाणी दुधासारखे पांढरे होते.

माणसाच्या औषधाचेही तेच. नवीन शोधलेल्या औषधांपैकी पुष्कळशी पाण्यात विरघळायला नाखूश असतात. अशी गोळी पोटात गेली तर विरघळल्याशिवाय रक्तात शिरत नाही. बरीचशी तशीच बाहेर पडते. शिरेतून द्यायचे म्हटले तर काम आणखी अवघड. नोझल तुंबले तर ते काढून फुंकता येते, शिरेत कण अडकला तर जिवावर बेतते. म्हणून शिरेतून द्यायचे औषध पूर्ण विरघळलेलेच लागते. पूर्वी त्यासाठी अल्कोहोल किंवा तेलासारखे द्रव वापरत. पण त्यांचा स्वतःचाच त्रास रोग्याला होई. इथे उपयोगी पडले साखरेचे कडे.

कडे कसे बनते?

आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांची जोडी, हे सभासदांना माहीत आहे. स्टार्च, म्हणजे मका, बटाटा, तांदूळ यांतले पीठ, हे मात्र नुसत्या ग्लुकोजचे बनलेले असते. शेकडो-हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडले की स्टार्चची साखळी होते. जमिनीत असे काही जिवाणू आहेत की ते ही साखळी तोडतात आणि तुटलेल्या तुकड्याची दोन टोके एकमेकांना जोडून टाकतात. झाले कडे तयार. हे काम जिवाणूच्या अंगातले एक एन्झाइम करते. कारखान्यात आता तेच एन्झाइम मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चवर सोडतात.

कड्यात सहा ग्लुकोज असले तर त्याला अल्फा म्हणतात, सात असले तर बीटा आणि आठ असले तर गॅमा. आकार अगदी गोल बांगडीसारखा नसतो. गुळाच्या ढेपेची बादली घ्या आणि तिचे बूड काढून टाका. वरचे तोंड रुंद, खालचे अरुंद आणि मधून आरपार पोकळी. असे हे कडे दिसते. फक्त ते इतके लहान असते की मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढीसुद्धा बीटा कड्याची पोकळी रुंद नसते.

खरी गंमत पुढेच आहे. या कड्याची बाहेरची बाजू पाण्याशी दोस्ती करणारी असते, तर आतली बाजू तेलकट पदार्थांना जवळ करणारी. पाण्याला घाबरणारा औषधाचा रेणू, किंवा त्याचा एखादा भाग, त्या पोकळीत जाऊन बसतो. बाहेरून पाण्याला दिसते ते फक्त कडे. डोक्यावरच्या चुंबळीत जशी घागर बसते तसे हे बसणे आहे. घागर चुंबळीला शिवलेली नसते, नुसती टेकलेली असते. औषधही कड्याला चिकटवलेले नसते. रक्तात गेल्यावर भोवती भरपूर पाणी मिळते, तसे ते कड्यातून सुटते आणि आपल्या कामाला लागते.

शंभराहून अधिक वर्षांची हकिकत

१८९१ साली व्हिलिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने बटाट्याच्या स्टार्चवर जिवाणू वाढवले, तेव्हा त्याला थोडे स्फटिक मिळाले. किती, तर एक किलो स्टार्चमागे जेमतेम तीन ग्रॅम. पुढे व्हिएन्नात शार्डिंगर हा शास्त्रज्ञ अन्न का नासते याचा तपास करत होता. शिजवल्यानंतरही न मरणाऱ्या जिवाणूंच्या मागे तो लागला होता. १९०३ पासूनच्या कामात त्याला तेच स्फटिक पुन्हा सापडले आणि त्याने त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार वेगळे केले. ही कडी आहेत हे मात्र जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात दाखवले. याच मंडळींनी १९५३ साली कड्यात औषध बसवण्याचे पेटंट घेतले.

पेटंट झाले, पण औषध बाजारात यायला आणखी तेवीस वर्षे लागली. कारण माल फार महाग होता आणि तो अंगाला बाधेल की काय, अशी धास्तीही होती. हंगेरीतल्या सेट्ली या शास्त्रज्ञाने आणि जपानी शास्त्रज्ञांनी ही धास्ती बरीच दूर केली. १९७६ साली जपानमध्ये अशा कड्यातले पहिले औषध विक्रीला आले. १९८८ साली इटलीत सांधेदुखीवरची पिरॉक्सिकॅम ही गोळी बीटा कड्यात बसवून आली. औषध लवकर विरघळते, म्हणून गुण लवकर येतो, हा तिचा फायदा.

नुसते कडे का पुरले नाही?

औषधाचा रेणू बसायला सर्वांत सोयीचे कडे म्हणजे बीटा. पोकळी बेताची, पुष्कळ औषधांना बरोबर बसणारी, शिवाय तयार करायलाही स्वस्त. पण नेमका यातच एक दोष निघाला. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात अल्फा कडे सुमारे १४५ ग्रॅम विरघळते, गॅमा सुमारे २३२ ग्रॅम आणि बीटा फक्त साडेअठरा ग्रॅम. आपली साखर त्याच एक लिटर पाण्यात जवळजवळ दोन किलो विरघळते, हे लक्षात घेतले म्हणजे बीटा किती मागे आहे ते कळेल.

असे का? बीटाच्या रुंद तोंडाभोवती जे हायड्रॉक्सिल गट असतात, ते शेजारच्या शेजारी एकमेकांचे हात धरून फेर धरतात. फुगडीला सगळ्यांचे हात गुंतले की पाचव्याला हात द्यायला कोणी मोकळे नसते, तसे पाण्याला धरायला जागाच उरत नाही.

तोंडावाटे घेतलेल्या गोळीत याने फारसे बिघडत नाही. कडे पोटातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते मोडून खातात. पण तेच बीटा कडे शिरेतून दिले तर ते मूत्रपिंडात जाऊन साठते आणि तिथल्या बारीक नळ्यांना इजा करते. शिवाय तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातले कोलेस्टेरॉल ओढून घेऊन त्या पेशीही फोडते. म्हणजे औषधाची गाडी चांगली, पण तीच रस्ता उखडते, अशातली गत. म्हणून साधे बीटा कडे इंजेक्शनात घालत नाहीत.

कड्याला जोड दिल्यावर

उपाय असा निघाला की कडे तेच ठेवायचे, पण त्याच्या काठावर दुसरे गट जोडायचे. बीटा कड्याच्या सात ग्लुकोजवर प्रत्येकी तीन, म्हणजे एकंदर एकवीस हायड्रॉक्सिल गट जोडणीला उपलब्ध असतात. त्यातल्या काहींवर जोड दिली की हातात हात धरलेला तो फेर मोडतो आणि पाण्याला शिरकाव मिळतो.

१९८० च्या दशकात हायड्रॉक्सिप्रोपिल गट जोडलेले कडे पुढे आले. हे एक लिटर पाण्यात सहाशे ग्रॅमहून जास्त विरघळते. यातली युक्ती आपल्या पॅनवरच्या माणसांना चटकन समजेल. मळीत साखर असते, तरी तिचा दाणा पडत नाही, कारण सोबतची इतर द्रव्ये साखरेला शिस्तीत रांग लावू देत नाहीत. गुळाच्या रसात इन्व्हर्ट साखर वाढली की ढेप बांधत नाही, तेही यामुळेच. इथेही जोड सगळ्या कड्यांवर एकाच जागी पडत नाही. कुणावर चार, कुणावर पाच, कुणावर या काठाला तर कुणावर त्या. अशा अनेक जातींच्या मिश्रणाला स्फटिक बांधता येत नाही. साखर कारखान्यात जे नुकसान, तेच इथे फायद्याचे ठरले! कारण स्फटिक नाही तर मूत्रपिंडात खडे होण्याचीही भीती नाही.

दुसरी जोड अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात स्टेला आणि राजेव्स्की यांनी शोधली. त्यांनी कड्याला सल्फोब्युटिल नावाच्या लांब शेपट्या लावल्या. एका कड्याला सरासरी सहा-सात. प्रत्येक शेपटीच्या टोकाला ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कडे पाण्यात उत्तम विरघळते आणि लघवीवाटे लवकर बाहेर पडते. बुरशीच्या गंभीर आजारावर शिरेतून देण्याचे व्होरिकोनाझोल याच कड्यात बसवलेले असते. रेमडेसिव्हिरमध्येही तेच. कोरड्या भुकटीच्या कुपीत औषध १०० मिलिग्रॅम आणि कडे ३ ग्रॅम. म्हणजे माल एक पोते आणि गाडी तीस पोत्यांची! २०२१ साली या कड्यावरचे शुल्क का माफ करावे लागले, ते आता ध्यानात येईल. रेमडेसिव्हिरच्या गुणाबद्दल मात्र पुढे मतभेद झाले. रुग्णालयात दाखल असलेल्यांना ते देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता; पुढे २०२२ साली, आजार सौम्य असून बळावण्याचा धोका जास्त आहे अशांसाठी तिने अटीसह शिफारस केली. गाडी चांगली असली म्हणजे माल कामाचा असतोच असे नाही, हेही यातून शिकावे.

नेमक्या जागी औषध

इथवर सांगितले ते औषध विरघळवण्याचे. पण विरघळलेले औषध रक्ताबरोबर सगळ्या अंगभर जाते. पाटाचे पाणी मोकळे सोडावे तसे. पिकालाही मिळते, तणालाही. ठिबकसारखे मुळाशीच औषध पोचवता आले तर? शास्त्रज्ञांचे बरेच काम आता या दिशेने चालू आहे. त्यातली दोन उदाहरणे देतो.

पहिले मोठ्या आतड्याचे. आम्ही वर म्हटले की हे कडे जठरात आणि लहान आतड्यात फारसे मोडत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र ते मोडतात. जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठातल्या उएकामा आणि हिरायामा यांनी १९९० च्या दशकात याचाच उपयोग केला. त्यांनी दाहावरचे औषध कड्याच्या आत न बसवता कड्याच्या अंगालाच रासायनिक बंधाने जोडून टाकले. असे औषध वाटेत सुटत नाही. मोठ्या आतड्यात जिवाणूंनी कडे मोडले म्हणजेच ते मोकळे होते. उंदरांवरच्या प्रयोगात हे दिसून आले.

दुसरे कॅन्सरचे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले मार्क डेव्हिस यांनी बीटा कडी एका लांब साखळीत ओवली. या साखळीवर धन विद्युतभार असल्यामुळे ती आरएनए नावाच्या द्रव्याचे तुकडे आपल्याभोवती गुंडाळून घेते आणि बारीक गोळी तयार होते. हे आरएनए कॅन्सरच्या पेशीत पोचले की पेशीला वाढायला लागणारे एक प्रथिन तयार होणे थांबते. पण ते तिथे पोचायचे कसे? कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना लोह जास्त लागते. रक्तातले लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन वाहून नेते आणि ते धरून ठेवणारे आकडे या पेशींवर जास्त असतात. डेव्हिस यांनी या गोळीवर ट्रान्सफेरिनच लावले. तेही कसे, तर अॅडमँटेन नावाचा एक रेणू बीटा कड्यात अगदी नेमका बसतो. त्याच्या मागे ट्रान्सफेरिन बांधायचे आणि अॅडमँटेन कड्यात बसवायचा. रवीत खुंटी बसवावी तसे काम.

२०१० साली या गोळीबद्दल निबंध प्रसिद्ध झाला. शिरेतून दिलेली गोळी माणसाच्या गाठीपर्यंत पोचते आणि आत ठरलेले काम करते, याचा पुरावा त्यात होता. एवढे असूनही २०१२ साली २४ रोग्यांनंतर ही चाचणी थांबली आणि ते औषध बाजारात आले नाही. शोध खोटा नव्हता. पण प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट किती लांब असते, हे त्यातून कळते.

उलटे काम करणारे कडे

हीच विद्या उलटीही वापरता येते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पडावेत म्हणून रोक्युरोनियम हे औषध देतात. काम झाल्यावर त्याचा अंमल लवकर उतरला पाहिजे, नाहीतर रोग्याला स्वतःचा श्वास नीट घेता येत नाही. स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगशाळेत अँटन बोम आणि सहकाऱ्यांनी आठ ग्लुकोजचे गॅमा कडे घेतले आणि त्याला आठ बाहू लावून पोकळी खोल केली. बाहूंच्या टोकाला ऋण भार, रोक्युरोनियमवर धन भार. कडे रक्तात गेले की ते रोक्युरोनियमला आत ओढून बंदिस्त करते आणि दोन-तीन मिनिटांत स्नायू पुन्हा काम करू लागतात. नंतर दोन्ही लघवीवाटे बाहेर. याचे नाव सुगामाडेक्स. युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०१५ साली त्याला परवानगी मिळाली. इथे कडे ही नुसती गाडी राहिली नाही, कडे हेच औषध झाले.

आपल्या उसाचा संबंध काय?

सभासद साहजिकच विचारतील की मग आपल्या साखरेपासून ही कडी करता येतील का? सरळ उत्तर असे की ती स्टार्चपासून होतात, उसाच्या साखरेपासून नव्हे. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही.

पण यांच्याच नावाशी मिळतेजुळते डेक्स्ट्रान मात्र आपल्या ओळखीचे आहे. तोडलेला ऊस शिळा झाला की ल्युकोनॉस्टॉक जिवाणू रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान करतात. रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, दाणा लांबट पडतो आणि उतारा घटतो. हेच डेक्स्ट्रान शुद्ध साखरेपासून मुद्दाम तयार केले की ते औषधाच्या कामाला येते. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये, रक्तस्राव झालेल्या रोग्याला शिरेतून देण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. लोहाच्या काही इंजेक्शनांतही ते असते. तेव्हा ऊस ताजा गाळला तर साखर, शिळा गाळला तर नुकसान आणि त्याच नुकसानीच्या मुळाशी असलेला जिवाणू शास्त्रज्ञाच्या हातात पडला तर औषध. माल तोच असतो, पण त्यामागे अभ्यास किती, यावर त्याची किंमत ठरते.

घरात उपयोगी पडेल असे

१) घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर दवाखान्यात गेल्या गेल्या ते सांगावे. सल्फोब्युटिल कडे लघवीवाटेच बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर ते अंगात साठते. म्हणूनच अशा रोग्याला व्होरिकोनाझोल शक्यतो शिरेतून न देता गोळीतून देतात. त्या गोळीत हे कडे नसते. रेमडेसिव्हिरबाबतीत ही अट अमेरिकेत २०२३ साली सैल झाली आहे. निर्णय डॉक्टरांचा, पण माहिती आपणच द्यायची.

२) ज्या भगिनी गर्भप्रतिबंधक गोळ्या घेतात त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना तसे सांगावे. सुगामाडेक्स त्या गोळीतले संप्रेरकही काही प्रमाणात पकडून ठेवते. ते दिले गेले असेल तर पुढचे सात दिवस दुसरी खबरदारी घ्यावी लागते.

३) ‘थेट कॅन्सरच्या गाठीवर जाणारे औषध’ अशी जाहिरात पाहून कुणी जमीन गहाण टाकू नये. अशी काही औषधे मान्यता मिळून खरोखर वापरात आहेत, पण पुष्कळशी अजून प्रयोगातच आहेत. आधी विचारावे: या औषधाला सरकारी मान्यता आहे का? कोणत्या आजारासाठी? आणि चाचणीत घालत असाल तर तसे लेखी द्याल का? चाचणीतल्या औषधाचे पैसे रोग्याकडून मागितले जात असतील, तर सही करण्यापूर्वी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांना जरूर दाखवावे.

उधारीवर खत घेतानासुद्धा आपण पोत्यावरचा मजकूर वाचून घेतो. मग जिवाच्या माणसाला टोचायच्या इंजेक्शनात काय आहे, ते विचारायला संकोच कसला? सभासदांनी ते विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.